पहिला इंच नसलेली टेप

मी एक जुनी टेप आहे, मित्रांनो. शिवणकामाची, कापडी, एका बाजूने पिवळी आणि दुसऱ्या बाजूने पांढरी. आता त्या बाजूला पांढरी कोण म्हणेल? खडू, घाम आणि चहाची बोटे यांनी माझा रंग केव्हाच पळवला. एका कारखान्यात माझ्या अंगावर आकडे छापले, टोकांना पितळी पत्रा चढवला, आणि फिरत फिरत मी एका शिंपीणबाईच्या गळ्यात येऊन पडले. तिने घराच्या पुढच्या खोलीत नुकतेच दुकान थाटले होते.

किती मापे घेतली मी! नवरीची, पोटुशी बाईची, एक खांदा पाडून चालणाऱ्या पोस्टमनची. पण एक सांगते. मी कमरेभोवती आले की माणूस श्वास आत ओढतो. भलेभले ओढतात. शिंपीण हसून म्हणायची, "सोडा हो श्वास! कापड तुमचंच आहे, परीक्षा नाही." तेव्हापासून माझा स्वभाव संशयी झाला. समोर जो उभा आहे तो तसाच असेल, यावर माझा विश्वास बसत नाही.

पुढे माझ्या एका टोकाचा पत्रा निघाला, धागे सुटले. शिंपिणीने कातरी घेतली आणि माझा पहिला इंच साफ कापून टाकला. त्या दिवसापासून मी एकापासूनच सुरू होते. माप घेतले की ती मनातल्या मनात एक वजा करते आणि उरेल तो आकडा मोठ्याने सांगते. काज-बटण करणारी म्हातारी मावशी तो वहीत लिहिते.

"अगं, नवी टेप घे की," मावशी कुरकुरायची.

"हात बसलाय हिच्यावर, मावशी. आजवर एक तरी कोट आखूड पडला का?"

पडला नव्हता. मला तेव्हा केवढा अभिमान वाटला होता!

माझी जागा मशीनशेजारच्या खिळ्यावर. एके दिवशी दुपारी मी तिथे होते, पण उलटी गुंडाळलेली. शिंपिणीची नजर घारीची.

"मावशी, टेपला हात लावलात?"

"मी कशाला लावू? मला काजं पुरेत. त्या परवाच्या गिऱ्हाइकणीला विचार, सगळ्या वस्तू चिवडत होती."

दोघींनी त्या बिचाऱ्या बाईवर संशय घेतला. मला मात्र चोर ठाऊक होता. चोर घरातलाच होता.

शिंपिणीला चौदा वर्षांची लेक आहे. घरात तिला चिमणी म्हणतात. शाळेतून आली की ती मला मुठीत लपवून न्हाणीघरात न्यायची, नळ सोडायची, आणि पाण्याच्या आवाजाआड मला कमरेभोवती गुंडाळायची. मग दंडाभोवती. पहिल्यांदा मला आनंदच झाला. वाटले, पोर आईची विद्या शिकते आहे! पण शिकणारा दुसऱ्याचे माप घेतो, आणि घेतलेले माप कापडावर उतरवतो. ही नुसती मोजायची. आज मोजायची, उद्या मोजायची, जेवणाआधी आणि जेवणानंतर मोजायची. तिची बोटे बर्फासारखी गार असत. मला काही तरी खटकू लागले.

आणि देवाने मला तोंड दिलेले नाही. आकडे तेवढे दिले.

तिचा शाळेचा डबा रोज रिकामा यायचा, पुसल्यासारखा लख्ख. रात्रीच्या जेवणाला ती म्हणायची, "भूक नाही, मैत्रिणीकडे खाल्लं." मग एकदा ती मैत्रीणच दुकानात आली, बाहीचे बटण लावून घ्यायला. गालाला खळ्या, तोंडाची टकळी सतत चालू.

शिंपीण जरा कडू स्वरात म्हणाली, "काय गं, आमच्या चिमणीचा डबा आवडतो वाटतं तुला? रोज फस्त!"

"मला?" पोरगी गोंधळली. "काकू, ती मधल्या सुट्टीत आमच्यात बसतच नाही. म्हणते, घरी आईबरोबर जेवते मी."

"आणि तुमच्याकडे संध्याकाळी?"

"आमच्याकडे? नाही हो." ती जरा घुटमळली. "काकू, परवा पळताना ती खाली बसली. डोळ्यांपुढे अंधारी आली. मला म्हणाली, कुणाला सांगशील तर कट्टी."

शिंपिणीने बटण लावून दिले. पोरगी गेल्यावर मात्र म्हणाली, "बघितलंत मावशी? स्वतः डबा खाते आणि वर गोष्टी रचते!"

मावशीने सुई कापडात टोचली आणि तशीच ठेवली. "खोटं बोलणारी पोर कट्टी पत्करून सांगायला येत नाही."

शिंपीण मशीनवर जाऊन बसली. पण तिचे पायडल मध्येच थांबे, मध्येच धावे. संशय आत शिरला होता. फक्त त्याला योग्य दार सापडत नव्हते.

ते सापडले शाळेच्या नव्या गणवेशाच्या दिवशी. चिमणी माप द्यायला तयारच होईना. "जुन्या गणवेशाचं घे ना." उकाड्याच्या दिवसांत तिने दोन स्वेटर चढवले होते. शिंपिणीने ते उतरवायला लावले आणि मला कमरेभोवती फिरवले. तिचा हात थबकला. मग सवयीने एक वजा करून तिने आकडा सांगितला.

"चुकलं," चिमणी पटकन म्हणाली. "त्याच्यापेक्षा एक जास्त आहे."

तो आकडा मी सांगणार नाही, मित्रांनो. आकड्यांनीच घात केला आहे.

तो जास्तीचा आकडा माझ्या अंगावर छापलेला होता, पण दुकानात कुणी कधी उच्चारला नव्हता. जो मला चोरून वापरेल त्यालाच तो माहीत.

"टेप तू घेत होतीस," शिंपीण हळू म्हणाली. "अगं, हिचा पहिला इंच कापलाय. तू मोजतेस त्यापेक्षा एक इंच कमीच आहेस, बाळ."

तिला वाटले, पोर आता रडेल, हसेल, म्हणेल, उगीच उपाशी राहिले. चिमणीच्या डोळ्यांत क्षणभर उजेड आला. आणि ती पुटपुटली, "मग अजून एकच कमी करते."

शिंपिणीचे हात माझ्यावरून निसटले. तिला त्या घडीला कळले, की हा हिशेब इंचाचा नाहीच. मी धड असते, तरी पोरीला पुरले नसते.

तिने दुकानाला कडी घातली आणि लेकीला घेऊन तडक दवाखाना गाठला. घाईत मी तिच्या गळ्यातच राहिले, म्हणून पुढचेही मला ऐकू आले. डॉक्टरीणबाईंनी नीट तपासले. म्हणाल्या, हा हट्ट नाही, आजार आहे; वेळ लागेल, पण बरा होतो; दर आठवड्याला यायचे. रागवायचे नाही आणि दुर्लक्षही करायचे नाही. मग त्यांनी आईकडे पाहिले.

"आणि तुम्ही आज दुपारी काय जेवलात?"

शिंपीण ओशाळली. "चहा. आणि दोन टोस्ट."

"काल?"

ती मलाच बोटाभोवती गुंडाळू लागली. मी साक्षीदार आहे. गिऱ्हाईक म्हणे, "कशा हो सडपातळ राहता!" आणि ती मिरवून म्हणे, "खायला वेळ कुणाला आहे!" आतल्या दारात उभी राहून चिमणी हे कित्येक वर्षे ऐकत आली होती. कीर्तनकाराने कितीही घसा ताणला, तरी पोर त्याचे पाय कुठे वळतात तेच पाहते.

आता दुकानात नवी, अख्खी टेप आहे. मी कपाटात असते आणि पडद्यांपुरती बाहेर निघते. एकाकी वाटते, पण तक्रार नाही. कपाटाच्या फटीतून मला दिसते: चिमणी शाळेतून आली की मशीन बंद होते, कापायच्या टेबलावर तिघी जेवायला बसतात. अधूनमधून ती खळीवाली मैत्रीणही येते. शिंपिणीने तिची माफी मागितली. चिमणी कधी अर्धा भात खाते, कधी चार घासांवर अडते आणि तोंड फिरवते. कोणी "संपव" म्हणत नाही, कोणी उठूनही जात नाही.

मित्रांनो, संशय वाईट म्हणतात. पण रोजचा लख्ख डबा, "आत्ताच खाल्लं" हे उत्तर, उकाड्यातला स्वेटर, आणि तुमच्या स्वतःच्या ताटात गार झालेला घास, यांचा संशय जरूर घ्या. मायेने घ्या, आणि लवकर घ्या. आम्ही निर्जीव वस्तू सगळे पाहतो, पण बोलायचे तुम्हालाच आहे.

कालचेच सांगते. एक गिऱ्हाईक आले म्हणून शिंपीण ताट सोडून उठू लागली. चिमणीने तिच्या ताटात डोकावून पाहिले आणि आईचाच पदर ओढला.

"बस खाली. तुझा भात तसाच आहे."

आई बसली. मग दोघींनी एकेक घास घेतला.