दोनशे बारा वाक्यं

"जावईबापू, तो पेनड्राइव्ह खिशात ठेवा. इथं लावायचा नाही."

जावयाचा हात कॉम्प्युटरपाशी तसाच थांबला. "आई, नुसते फोटो आहेत. तुमच्या नातीचे."

"नातीलाच घेऊन या, डोळे भरून बघते. पण हा कुठकुठल्या मशीनला टोचून आलाय ते तुम्हाला ठाऊक नाही, मलाही नाही. वापरलेली सुई चौतीस वर्षांत मी कुणाला टोचू दिली नाही."

जावयाचा धंदाच कॉम्प्युटर दुरुस्तीचा. सासूनं आपल्याला सुया शिकवाव्यात याचं त्याला हसू आलं. "असं काय आहे यात? अणुबॉम्बचं सूत्र?"

खिडकीजवळच्या खुर्चीतून सासरे पुढं वाकले आणि त्यांनी एक बटण दाबलं. स्पीकरमधून भरदार आवाज आला, "मी या भांडणात नाही." मग तिघंही हसली आणि विषय तिथंच मिटला.

यात काय होतं, तर हा आवाज होता. सासूबाई नर्स, सगळ्यांच्या सिस्टर; त्यांचा नवरा बस स्थानकावर निवेदक. गाड्या उशिरा सुटत, पण त्यांच्या तोंडून उशीर ऐकला की माणसं चिडायची विसरत. पुढं त्याच घशाला कॅन्सर झाला. स्वरयंत्र काढायचं ठरलं, तेव्हा ऑपरेशन थिएटरच्या या सिस्टर रडत बसल्या नाहीत. हातात अकरा दिवस होते. रोज सकाळी त्यांनी नवऱ्याला माइकसमोर बसवलं आणि आयुष्यभर लागतील तेवढी वाक्यं बोलून घेतली. "उशी जरा वर घे." "लेकीला फोन लाव." "तू हट्टी आहेस." "चहा झाला का, सिस्टर?" अशी दोनशे बारा. आता गळ्याला भोक होतं आणि बोलणं कॉम्प्युटरमधून. तोच त्यांचं तोंड.

म्हणून त्या टेबलाला थिएटरची शिस्त. अपडेट आलं की त्याच दिवशी घ्यायचं. पासवर्ड हातभर लांब, लेकीलाही न सांगितलेला. आणि दर रविवारी सगळ्याची नक्कल वेगळ्या डिस्कवर उतरवून, डिस्क काढून, जुन्या स्टीलच्या डब्यात. डब्यावर कागद, कागदावर तारीख आणि सही. शेजारीण म्हणायची, "काय बाई, कॉम्प्युटर आहे की तान्हं बाळ?" सिस्टरांना त्याचं काही वाटत नसे. उलट बरंच वाटे.

पण पोहणाराच बुडतो म्हणतात, ते खोटं नाही.

मंगळवारी सकाळी मेल आली. वर हॉस्पिटलचं नाव, खाली एकच ओळ : रिपोर्ट जोडला आहे, तातडीने पाहावा. नवऱ्याची सहामाही तपासणी आठवड्यापूर्वीच झाली होती. आजार उलटला की नाही, ते त्या रिपोर्टात कळणार होतं. आलेला रिपोर्ट टेबलावर पडू द्यायचा नाही, ही थिएटरची सवय सिस्टरांच्या हाडात मुरलेली. पाठवणाऱ्याचा पत्ता न बघता त्यांनी फाइल उघडली. आत काहीच दिसलं नाही.

दहा मिनिटांनी नवऱ्यानं चहासाठी बटण दाबलं. आवाज आला नाही. पुन्हा दाबलं. मग पडदा लाल झाला : तुमच्या सगळ्या फाइलींना कुलूप घातलं आहे, पैसे भरा.

सिस्टरांनी आधी नेटची वायर उपटली, मग मशीन बंद केलं. हात चोख चालले. नवऱ्यानं काही म्हणायला तोंड उघडलं, तर गळ्यातून नुसती हवा. त्यांनी पाटीवर लिहिलं, "जाऊ दे."

"जाऊ दे काय? माझ्या हातानं झालंय हे," त्या म्हणाल्या, आणि जावयाला फोन लावतानाही पहिलं वाक्य तेच बोलल्या.

जावई अर्ध्या तासात हजर. पेनड्राइव्हची आठवण त्यानं काढली नाही, हा त्याचा मोठेपणा. "रविवारची डिस्क आहे ना? द्या, लावून बघतो, शाबूत आहे का."

सिस्टरांनी डबा पोटाशी धरला. "आधी मशीन पुसून कोरं करा."

"आई, त्याला दिवस जाईल. बाबांकडे बघा की. दोन मिनिटं नुसतं बघतो."

"नुसतं बघायला मळक्या हातानं कुणी जखम उघडत नाही."

जावयानं पुढं केलेला हात मागं घेतला. त्याचे कान लाल झाले. "खरंय. घाईत लावली असती, तर हीपण गेली असती."

"म्हणून तर डबा मी धरलाय."

मशीन कोरं व्हायला, सगळं नव्यानं बसायला चार वाजले. सिस्टरांनी हात धुतले आणि मगच झाकण उघडलं. डिस्क लागली. जावई म्हणाला, "आल्या सगळ्या. सुटलो."

"मोजल्याशिवाय नाही." थिएटरमध्ये पोट शिवण्याआधी बोळे मोजत, तशा त्या एकेका फाइलीवर बोट ठेवून मोजू लागल्या. दोनशे अकरा भरल्या. पुन्हा मोजल्या. दोनशे अकराच.

"आई, एखादं वाक्य गेलं तर..."

"एक बोळा आत राहिला तर माणूस मरतो, जावईबापू."

नवऱ्यानं हळूच माउस ओढून घेतला. गेल्या महिन्यात गंमत म्हणून त्यांनी या दोनशे बारातलीच एक फाइल दुसऱ्या फोल्डरात टाकली होती, स्थानकावरच्या नोकरीतली आठवण. ती त्यांनी लावली. खोलीभर तोच आवाज घुमला, "प्रवाशांनी लक्ष द्यावे. बेवारस वस्तूला हात लावू नये. आपल्या सामानाची काळजी आपणच घ्यावी."

जावयानं हसू दाबलं, पण सिस्टरांनाच आधी फुटलं. हसता हसता त्यांनी पदरानं डोळे पुसले. "ऐकलं हो. खरा रिपोर्ट उद्या मी स्वतः चालत जाऊन आणते."

मग नव्या कागदावर लिहिलं : दोनशे बारा, मोजणी बरोबर. खाली सही केली आणि पेन जावयापुढं धरला. मोजणीला दोघांच्या सह्या लागतात, थिएटरचा नियम आहे. जावयानं ताठ उभं राहून, सावकाश, पूर्ण नावानं सही केली.

पाठीमागून आवाज आला, "चहा झाला का, सिस्टर?"

"ठेवते हं," त्या म्हणाल्या, आणि आधी डबा कपाटात ठेवायला गेल्या.