भिंतीवरचा सलोखा

"आधी थुंकी मागितली, दिली. आता फोटो पाहिजे. उद्या दात मागतील. म्हणावं, डबीत आहेत, घेऊन जा," आत्या माझ्या कानाशी पुटपुटली.

मला हसू आलं नाही. माझा एक पाय शिडीवर होता, हातात ब्रश. पाट्या रंगवणं हा माझा धंदा. संग्रहालयातलं हे काम धाकट्या भावाने मिळवून दिलं होतं, म्हणजे वर त्याचे उपकारही. दालनाचं नाव 'आपण सारे कुठून आलो'. देशभरातल्या माणसांची थुंकी तपासून पूर्वज हुडकले होते, आणि या किनाऱ्याचा चेहरा म्हणून निवडली होती आमची आत्या, ऐंशीच्या पुढची, तोंडाचं बोळकं. तिचा फोटो भिंतीवर लागणार, आणि त्याच्या वर मी लिहायचं, 'समुद्रापलीकडून पुरुष आले, इथल्या स्त्रियांशी सलोख्याने मिसळले, आणि आपण घडलो.'

'पुरुष आले' इथवर लिहून झालं होतं. पुढे हात चालेना.

भाऊ मात्र खुशीत. त्याच्या तपासणीत बापाकडून आलेला धागा थेट समुद्रापलीकडचा निघाला होता. "आपण दर्यावर्दी गं ताई! बाबांचे डोळे घारे का, ते आता कळलं." जन्मात कधी होडीत न बसलेला माणूस.

गल्लीत बाबांना लोक 'साहेब' म्हणायचे. सुतार माणूस, विजारीला ठिगळ, आणि साहेब! लहानपणी मला वाटायचं, केवढा मान. मग एकदा त्यावरूनच बाबांनी एकाच्या अंगावर रंधा फेकला, तेव्हा कळलं, मान नव्हे. काय ते कुणी सांगितलं नाही. आजीला विचारलं की तिला नेमकं तेव्हाच परसात काम निघायचं.

"संध्याकाळपर्यंत होईल ना?" संशोधक मॅडमनी विचारलं. "उद्या उद्घाटन आहे."

"एक सांगा मॅडम. बापांकडचा धागा निम्म्याहून जास्त बाहेरचा. आणि आयांकडचा?"

"सगळा इथलाच. फार सुंदर निष्कर्ष आहे तो."

"म्हणजे त्यांच्या बायका आल्याच नाहीत. आणि आमचे पुरुष कुठे गेले?"

"कारणं आम्ही सांगत नाही हो. आम्ही फक्त प्रमाण सांगतो."

"मग हा सलोखा थुंकीच्या कुठल्या नळीत सापडला?"

मॅडमचा चेहरा लाल झाला. "तो मजकूर समितीचा आहे," म्हणून त्यांनी भावाकडे पाहिलं.

समितीत भाऊ. "ताई, तू रंग मार ना! शाळेची पोरं येणार, त्यांना काय घाण वाचायला द्यायची? झालं ते झालं, कशाला उकरायचं?"

"म्हणजे तुला माहीत आहे."

"मला काही माहीत नाही!" तो इतक्या जोरात ओरडला की फोटोवाल्याने कॅमेऱ्यामागून डोकं वर काढलं. "रंगवायचं नसेल तर उतर खाली. दुसरा कुणी बघतो."

माझं डोकं फिरलं. पाय शिडीवरून काढला आणि ब्रश त्याच्या मुठीत कोंबला. "घे. तूच लिही. आत्या बसलीय ना समोर फोटोसाठी, तिच्या डोळ्यांदेखत लिही. बघू तुझा हात कसा चालतो."

त्याच्या मनगटावरून निळा ओघळ बाहीत शिरला. हात काही भिंतीकडे गेला नाही. मग तो लाडात येऊन आत्याकडे वळला. "आत्या, तूच सांग बाई हिला. तुला चालतंय ना? आणि जरा हस, फोटो चांगला यायला हवा."

आत्या हसली नाही. खुर्चीचे हात धरून ताठ बसली.

"तुझा बाप माझा थोरला भाऊ," ती म्हणाली. "पण माझ्या बापाचा नव्हता तो."

"आत्या, इथे नको."

"इथेच. इथेच लिहिताय ना तुम्ही? आई गोऱ्या साहेबाच्या मळ्यावर कामाला होती. साहेबाने तिला कोठारात कोंडून ठेवलं, आणि पोट दिसायला लागलं तेव्हा हाकललं. मिसळली नव्हती रे माझी आई. बळजबरी केली होती त्याने."