शिंगराच्या हाडाला पाजलेलं कुमिस

शिडीवरून तळघरात उतरता उतरता सिलिप उन्हाळ्याला शिव्या घालत होता. बापजाद्यांनी बारमाही गोठलेल्या जमिनीत खणलेलं तळघर. मासे, घोड्याचं मांस, पिण्याच्या बर्फाच्या लाद्या, सगळं वर्षभर जसंच्या तसं राहायचं. यंदा मेल्या भिंतीच पाझरायला लागल्या होत्या.

मागोमाग त्याची लेक सायारा उतरली. आठ दिवसांपूर्वी ढासळत्या नदीकाठातून तिनं शिंगराच्या पायाचं हाड काढलं होतं, हजारो वर्षांपूर्वीचं. ते पिशवीत बांधून इथे ठेवताना तिनं बजावलं होतं, "बाबा, याच्याकडे ढुंकूनही बघायचं नाही. यात झोपलेले जंतूच मला हवेत. हाड कुणी पोखरलं, कधी पोखरलं, ते त्यांच्यावरनं कळेल." ते कळलं तर तिची संशोधन संस्था तिला आणखी तीन उन्हाळे इथेच ठेवणार होती. नाहीतर दूरच्या नोवोसिबिर्स्क शहरातली नोकरी होतीच. सिलिपला आता तिच्याशिवाय कुणी उरलं नव्हतं.

सायारानं पिशवी हातात घेतली आणि थबकली. "ही गाठ कुणी सोडली?"

"मी. दुसरं कोण सोडणार, भूत?" सिलिपला वाटलं होतं, पोरगी खूश होईल. "जमिनीतनं काही काढलं की जमिनीला काही द्यावं लागतं. तू हाड उपटलंस आणि गेलीस टुणकन निघून. मी घोडीच्या दुधाचं वाडगाभर कुमिस पाजलं, लोणी चोळलं, तुझ्या वतीनं माफी मागितली."

पिशवी उघडताच आंबूस वास आला. हाडावर पांढरी लव चढली होती.

"अरे देवा! बाबा, आंबवलेल्या दुधात किती जंतू असतात, माहीत आहे?"

"मी सत्तर वर्षं पितोय, मला काय झालं?"

"तुला नाही, हाडाला झालं! खालपर्यंत मुरलंय. यातले जुने कुठले आणि तुझ्या वाडग्यातले कुठले, कसं ओळखू मी?"

"मग दुसरं काढू. उद्याच जाऊ."

"काठ नदीत गेला. येताना बघितला मी."

सिलिप हातांनीच हाडावरचं लोणी पुसायला लागला. "धुऊन घे ना. कुणाला सांगू नकोस."

"लोणी धुऊन जात नाही, बाबा."

तो शिडीच्या पायरीवर बसला. दोन वर्षांपूर्वी त्याच्या मुलानं, एर्चिमनं, याच काठातून मॅमथचा सुळा ओढला होता. सिलिपनं कुमिसचा वाडगा आणायचा म्हटल्यावर पोरगा हसला होता, "म्हाताऱ्या, जमिनीला कसली आलीय तहान!" बापही हसला होता. तिसऱ्या दिवशी दरड कोसळली आणि एर्चिम तिच्याखाली गेला.

"त्याच्या वेळी ओतलं नाही गं मी," सिलिप म्हणाला. "आळस केला. तू तरी राहावीस म्हणून..."

सायाराला ओरडायचं होतं. तीन वर्षं घासून मिळवलेलं सगळं त्या पिशवीत आंबलं होतं, आणि समोर तिचा बाप लोण्याचे हात मांडीला पुसत बसला होता.

"संस्थेला खरं ते कळवावं लागेल," ती शेवटी म्हणाली. "महिनाअखेर जाईन."

"नोवोसिबिर्स्कलाच?"

"हो."

 सिलिपनं विचारलं, "पण जिवंत राहशील ना?"

"राहीन, बाबा."

"मग झालं तर," सिलिप म्हणाला, आणि त्याला रडू आवरेना.