पोत्यातली पाटी

कुणाचं काम अडलेलं दिसलं की नेयराला घरात बसवत नसे. म्हाताऱ्यांची लाकडं फोडून दे, रक्तदानाला माणसं गोळा कर, शाळेची भिंत रंगव, काही ना काही चालूच. "आमच्या घरची भांडी मात्र आपोआप घासली जातात," असं तिची आई म्हणे, आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं. मागच्या वर्षी बोस्नियातल्या त्यांच्या गावच्या बोस्ना नदीला पूर आला तेव्हा ही पोरगी परक्यांच्या घरातला गाळ उपसत होती. यंदा तिनं ठरवलं की पुरानं काठावर टाकलेला सगळा कचरा काढायचा.

आईला ते पसंत नव्हतं. आईच्या वयाची माणसं अजूनही डांबरी रस्ता सोडून पाऊल टाकत नाहीत. लढाई कधीच संपली, पण तेव्हा जमिनीत पेरलेल्या सुरुंगांची भीती त्यांच्या पायांतून गेली नाही.

"सुरुंग वळणाच्या पलीकडे आहेत, आई. पाट्या लावून आखलेत," नेयरा म्हणाली. "तुझ्या मते तर परसात कांद्याची पात तोडायलासुद्धा आधी डांबर घालून घ्यावं."

"हस, हस. पुरानं अख्खे गोठे वाहून नेले, त्या पाट्या काय खिळून ठेवल्यात?"

शेजारच्या मिरसादाकाकू तर सुमेयाला पाठवायलाच तयार नव्हत्या. एकुलती एक, सहावीतली पोर. नेयरानं त्यांच्याकडे कॉफीवर कॉफी पीत गळ घातली. "माझ्यावर सोपवा, काकू. नजरेआड होऊ देणार नाही." काकू शेवटी हो म्हणाल्या, पण त्यांच्या तोंडावर हो नव्हतं.

शनिवारी सकाळी मुलं काठावर पांगली. भरलेली पोती वर रस्त्यावर आणायची, आणि रासिमचाचांच्या ट्रॅक्टरवर चढवायची. नेयरा पोत्यांची तोंडं बांधत होती. एका पोत्यातून पत्र्याची कड वर आली होती. हात कापू नये म्हणून ती आत दाबायला गेली, आणि तिला लाल रंग दिसला. तिनं पत्रा बाहेर ओढला. लाल पाटी, त्यावर पांढरी कवटी.

"चाचा, हे पोतं कुणी आणलं?"

"त्या मिरसादाच्या पोरीनं. टाकलं आणि पुन्हा पळाली खाली. म्हणे तिकडे वळणापाशी टायर आहे मोठा."

पाटी नेयराच्या हातातच राहिली. पोरीला ती पाटी कचरा वाटली होती. कचराच उचलायला तर तिला आणलं होतं.

"सगळ्यांना रस्त्यावर बोलवा! सुरुंगवाल्यांना फोन लावा!" एवढं ओरडून ती उतारावरून धावत सुटली. चाचा मागून "थांब, गाढवे!" म्हणत होते, पण धावायचं नाही हे तिला आयुष्यात कधी जमलंच नव्हतं.

सुमेया पुढे झुडपांत वाकून टायर ओढत होती.

"सुमेया! हलू नकोस! टायर सोड. आहेस तिथे उभी राहा."

पोरगी सरळ झाली. नेयराचा चेहरा पाहून तिला सगळं कळलं. आल्या पावली परत ये म्हणावं, तर गोट्यांवर पावलं उमटली कुठे होती? नेयराही आता थांबली. दोघींत एखाद्या अंगणाइतकं अंतर होतं आणि ते ओलांडता येत नव्हतं.

"नेयराताई, तू ये ना इकडे."

"नाही येता येत गं."

"हात तरी धर."

"माणसं येतायत. बोल माझ्याशी. पण पाय हलवायचा नाही."

नेयराला आयुष्यात प्रथमच मदत म्हणून नुसतं उभं राहायचं होतं. वर रस्त्यावर माणसं जमली, मग मिरसादाकाकू आल्या. त्या रडत नव्हत्या की शिव्या देत नव्हत्या. त्या नुसत्या नेयराकडे पाहत होत्या. त्यापेक्षा दगड मारला असता तर बरं झालं असतं.

"ताई," सुमेया हळूच म्हणाली, "मला लागलीय."

"तिथेच कर."

"सगळे बघतायत."

"ए, तोंडं फिरवा सगळ्यांनी!" नेयरा ओरडली. आणि अख्खा रस्ता पाठमोरा झाला.

सुरुंगवाले आले. जाड चिलखतातला झियाद नावाचा माणूस यंत्र फिरवत, इंच इंच पुढे सरकत, दोन्ही बाजूंना फीत टाकत येऊ लागला. उताराच्या पायथ्याशीच तो थबकला. गवतात एका खांबाचा मोडका बुडखा होता.

"पाटी इथली," तो म्हणाला. "पोरी, तूसुद्धा सुरुंगांच्या हद्दीतच उभी आहेस."

नेयरानं सुमेयाकडे बोट केलं. "आधी तिला घ्या. मी थांबते."

"तिच्याकडे जायची वाट तुझ्यावरूनच जाते. शहाणपणा नको. पाय उचलू नकोस."

मग सोडवायला आलेल्या नेयरालाच आधी सोडवावं लागलं, आणि तेवढा सगळा वेळ सुमेया पुढे एकटी उभी राहिली. नेयराला रस्त्यावर आणताना झियादनं वाटेलगत एका जागी लाल झेंडी रोवली. ती जिथून धावत गेली होती, त्याला लागूनच. तिनं तिकडे पाहिलं आणि नजर वळवली.

ऊन उतरलं तेव्हा त्यानं सुमेयालाही फितींमधून वर आणलं आणि डांबरावर उभं केलं. काकू हात पसरून धावल्या. पण पोरगी पुढे होईना, आईनं ओढलं तरी पाय उचलेना. ती गर्दीत कुणाला तरी शोधत होती.

"नेयराताई, आता हलू?"

सगळे नेयराकडे पाहू लागले. पायांखाली चांगला घट्ट, काळा रस्ता होता. नुसतं हो म्हणायचं होतं. नेयरानं तोंड उघडलं, आणि तिच्याच्यानं ते म्हणवेना.