रुईफुलांचा काठ

“आज्जी, तुजा हात हलतोय गं!”

“माजा न्हाय, तुजा. आदी कोपर टेक ओट्यावर. आता श्वास धर. एक फूल झालं की सोड, मग दुसरं.”

स्वरूपानं कोपर टेकलं. तिच्या हातावर आज्जीचा, मालुबाईंचा, हात होता. दुधाच्या रिकाम्या पिशवीचा कोन करून मालुबाईंनी त्याचं टोक कापून दिलं होतं. त्यातून क्रीमचा एक ठिपका केकच्या कडेवर पडला, त्याला लागून दुसरा, मग तिसरा. अगदी रुईचं फूल नव्हे, पण फूल म्हणता येईल असं काहीतरी झालं.

“मोडलं की.”

“मोडूंदे. मागावर तुज्या आजोबाचंबी मोडायचं. फुडलं नीट घाल.”

सीमाभागातल्या वडगावात, त्या लहानशा स्वयंपाकघरात सगळं घर केकभोवती गोळा झालं होतं आणि नेमकं काय करायचं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. सून दिपाली मोबाइलवरचा व्हिडिओ पुनःपुन्हा मागे नेत होती. त्यातल्या बाई केक फिरत्या चकतीवर ठेवून गरागरा फिरवत होत्या. इथं केक पाटावर होता आणि पाट फिरवला की केकच घसरत होता. मालुबाईंच्या मुलानं, शिवराजनं, बाजारातून पिवळा रंग आणला आणि लाल विसरला. म्हणून साडीच्या काठासारख्या फुलांसाठी क्रीममध्ये बिटाचा रस घातला होता.

“असला रंग कुटल्या साडीचा असतोय वो?” दिपालीनं विचारलं.

“धुतल्यावरचा,” शिवराज म्हणाला.

दुपारी शाळेत मुलांच्या केकचा लिलाव होता. अनाथाश्रमातल्या पोरांना त्यातून थंडीची पांघरुणं मिळायची होती. एवढं ऐकल्यावर मालुबाईंनी दुसरं काही विचारलं नव्हतं. देवीला वाहिलेल्या साड्यांचा लिलाव त्यांना माहीत होता. म्हणून स्वरूपाचं बोट क्रीमच्या भांड्याकडे वळताच त्यांनी ते अलगद बाजूला केलं.

“दिल्याल्या वस्तूचं उष्टं करायचं न्हाय.”

“पन आज्जी, ह्ये देवीला कुटं हाय? पोरांस्नी हाय.”

“मग तर न्हायच करायचं.”

त्यांच्या घरात वर्षातली पहिली साडी देवीला जात असे. यात्रा झाली की देवळापुढे अशा साड्यांचा लिलाव व्हायचा. एका वर्षी त्यांचे यजमान भरमा यांनी लिंबाच्या रंगाची साडी विणली, लाल रुईफुलांच्या काठाची. शिवराज तेव्हा पाळण्यात होता. एका पायानं पाळण्याची दोरी ओढत मालुबाईंनी तिच्या सुताच्या कांड्या भरल्या होत्या. लिलावात ती साडी उलगडून दाखवली तेव्हा त्या नकळत गुडघ्यावर उठल्या. तोंडातून शब्द बाहेर पडायच्या आत भरमांचा हात त्यांच्या मनगटावर आला. “दिल्यालं परत घ्यायचं न्हाय,” एवढंच ते म्हणाले. साडी पलीकडच्या गल्लीतल्या नागुबाईंनी घेतली.

सकाळी स्वरूपानं “कसली नक्षी घालू?” म्हणून विचारलं, तेव्हा हाच काठ मालुबाईंच्या तोंडून कसा निघून गेला, ते त्यांनाही कळलं नाही.

शाळेच्या हॉलमध्ये चौघांना जवळ जवळ जागा मिळाली. मग स्वरूपा केक घेऊन व्यासपीठामागे गेली. सर कन्नडमध्ये पुकारा करत होते. पहिला केक एका मुलाचा होता. त्याच्याच वडिलांनी घेतला. दुसरा एका मुलीच्या आईनं घेतला, तिच्याच मुलीचा. तिसऱ्यालाही तेच. दर वेळी टाळ्या वाजत होत्या.

मालुबाई शिवराजच्या कानाशी वाकल्या. “आरं, ज्येचा त्योच घेतोय की! मग आनायचा तरी कशाला?”

“मलाबी कळंना झालंय, आई.”

“आवो, तसंच असतंय,” दिपाली दबक्या आवाजात म्हणाली. “पोरांस्नी बरं वाटतंय. आपला आला की हात वर करा.”

एवढ्यात स्वरूपाच आली. दोन्ही हातांनी केक धरून ती मधोमध उभी राहिली. रिक्षातल्या धक्क्यांनी एका बाजूची फुलं खाली घसरली होती. तिनं समोर आई-बाबांकडे पाहिलं, मग आज्जीकडे.

सरांनी पुकारा केला. हॉलमधलं कुणीच बोललं नाही. घरच्यांनी सुरुवात करायची, हे आता सगळ्यांना ठाऊक झालं होतं. दिपालीनं नवऱ्याला कोपरानं ढोसलं. शिवराजचा हात अर्धा वर गेला आणि तिथंच थांबला. त्याच्या मनगटावर मालुबाईंचा हात होता.

“आई?”

“दिल्यालं...” मालुबाई म्हणाल्या.

शिवराजनं हात सोडवून घेतला नाही. हे वाक्य त्यानंही वडिलांच्या तोंडून लहानपणापासून ऐकलं होतं. दिपाली या मायलेकांकडे बघतच राहिली.

“ओंदु सल,” सर म्हणाले. एक वार.

व्यासपीठावर स्वरूपानं दोन्ही कोपरं अंगाशी घट्ट टेकवली होती. तिची छाती हलत नव्हती. सकाळी शिकवलं होतं तसाच तिनं श्वास धरला होता.

मालुबाईंनी मनगट सोडलं. “बोल,” त्या म्हणाल्या. “बोल की रं!”

पण त्याआधीच मागून कुणीतरी आकडा बोललं होतं. सगळ्यांनी वळून पाहिलं. मांडीवर हेल्मेट घेतलेले एक वयस्कर गृहस्थ होते. शिवराज पुन्हा आईकडे बघायला लागला.

“आता काय करू? चढवू?”

मालुबाईंच्या ओठांवर हो आलं होतं. त्यांनी पुन्हा एकदा त्या गृहस्थांकडे पाहिलं. ते मान उंचावून केकची कड बघत होते.

“नगं. त्यास्नी पायजे हाय.”

सरांनी दोन वार म्हटलं, तीन वार म्हटलं. टाळ्या वाजल्या. स्वरूपानं केक टेबलावर ठेवला आणि रिकाम्या हातांचं काय करावं ते न कळून ती तशीच उभी राहिली.

फाटकाबाहेर ती आज्जीपासून दोन हात लांब चालत होती.

“माजा तुमाला नको हुता?”

“हवा हुता गं.”

“मग?”

मालुबाईंनी सांगायचा प्रयत्न केला. देवीचं सांगितलं, आजोबांचं सांगितलं. बोलता बोलता आपलंच आपल्याला पुरतं पटेना, तशा त्या थांबल्या.

“ते नुसतं खानार,” स्वरूपा म्हणाली. “फुलांकडं बगनारबी न्हाईत.”

“मलाबी असंच वाटलंतं. नागुबाई साडी नुसती नेसंल, काठाकडं बगनारबी न्हाय म्हणून.”

“मग?”

“सनासुदीला नेसायची. आमच्या दारावरनं जाताना काठाला चिकूल लागू ने म्हणून हातभर वर धरायची.”

“आनि तू?”

“मी दारात बसून बगायची.”

समोर ते गृहस्थ केकचा खोका स्कूटरवर पायापाशी ठेवत होते. झाकण बसत नव्हतं. त्यांनी वाकून पाहिलं, खिशातला रुमाल काढला, त्याची घडी केली आणि फुलं घसरली होती त्या बाजूनं खोक्याखाली सारली. मग दोन्ही पाय जमिनीवर घासत सावकाश निघाले.

पुढे रस्त्यावर गतिरोधक होता. स्वरूपा आज्जीजवळ सरकली. स्कूटरचं पुढचं चाक चढलं, उतरलं. मग मागचं चढलं, उतरलं.

स्वरूपानं श्वास सोडला. मालुबाईंनी मात्र स्कूटर वळणाआड जाईपर्यंत धरून ठेवला.