सासूबाईंचा हातभार

माझी कुंडीतल्या झाडांची वेबसाइट आहे. वाचणाऱ्याने तिथली जाहिरात दाबली की मला पैसे मिळतात. पण घरच्याच माणसांनी दाबली, तर जाहिरात कंपनी खातं बंद करते. हे सासूबाईंना सांगून सांगून माझा घसा कोरडा पडला. त्या दुपारी गुडघ्यांना बाम चोळायच्या आणि त्याच बोटांनी टॅबवर माझ्या जाहिराती दाबत बसायच्या. "तेवढाच सुनेला हातभार," म्हणायच्या.

त्या गेल्या, तेव्हा टॅब मी बंद करून कपाटात ठेवला. तरी आज कंपनीचा निरोप आला: रोज दुपारी तुमच्याच घरातून जाहिराती दाबल्या जातात, म्हणून खातं बंद.

"तूच दाबत असशील," नवरा म्हणाला.

"स्वतःच्या पायावर धोंडा मारून घ्यायला मला काय वेड लागलंय?"

तणतणत मी कपाट उघडलं. बामाचा वास आला. टॅब चालू होता. माझ्या पानावर जाहिरातीच्या जागी आता नुसती पांढरी चौकट उरली होती, आणि तिच्यावर बोटांचे तेलकट ठसे होते.

"अहो आई, पुरे आता! खातं बंद झालं!" मी ओरडले.

माझ्या डोळ्यांदेखत त्या रिकाम्या चौकटीवर आणखी एक ठसा उमटला.