कमरेएवढं पाणी

"मी काय जाडी आहे का? दाखवा, कुठं आहे चरबी!" मास्तरीणबाईंनी पोहून पोहून काटक झालेला दंड नवऱ्यापुढे धरला.

"रक्तातली चरबी दंडावर दिसत नाही गं," शिंपीबुवा म्हणाले. त्यांचा उभा जन्म शिवणयंत्रावर गेलेला. आवाज चढवणं ठाऊक नव्हतं. "डॉक्टर म्हणाल्या ना, मधुमेह आहे तर हृदयाला जपायला हवं. कोलेस्टेरॉलची गोळी का सोडलीस?"

"पाय दुखतात तिनं. आणि साखर आटोक्यात आहे माझी. झालं तर मग!"

बाईंपुढे कुणाची मात्रा चालत नसे. अर्ध्या गावाला पाण्यात ढकलून त्यांनी पोहायला शिकवलं होतं.

त्याच आठवड्यात, पोहण्याच्या तलावात शिकाऊ मुलींना हात मारायला शिकवताना बाईंना दरदरून घाम फुटला. पाण्यात उभं राहून घाम! छातीत कळ नाही की काही नाही; नुसता श्वास पुरेना. त्यांनी कठड्याची दांडी घट्ट धरली. त्यांना न्यायला आलेले शिंपीबुवा बाकावर बसले होते. बायकोचा आरडाओरडा एकदम थांबला तसे ते दचकले आणि चपलांसकट पाण्यात उतरले.

"अहो, काय हे? लोक बघताहेत!"

"बघू देत. चल आधी दवाखान्यात."

"हृदयविकाराचा झटकाच होता हा," डॉक्टर म्हणाल्या. रक्तवाहिनीत जाळी बसवून झाली होती. "मधुमेहात कधी कधी छातीत दुखतच नाही. आणि कोलेस्टेरॉल बारीक माणसांचंही वाढतं. आता गोळी परस्पर बंद करायची नाही. पाय दुखले तर मला सांगा, दुसरी देईन."

बाईंनी मुकाट्याने मान हलवली. ते पाहून शिंपीबुवा खाटेजवळ सरकले.

"ओरड की गं माझ्यावर," ते हळूच म्हणाले.

"उद्या ओरडते," बाई म्हणाल्या आणि त्यांचा हात उशाशी ओढून झोपी गेल्या.

पुढे बऱ्याच दिवसांनी परवानगी मिळाली, ती पाण्यात नुसतं चालण्याची. तलावावर आता नवी मास्तरीण होती. बाई उथळ बाजूला दांडी धरून सावकाश पावलं टाकू लागल्या. शेजारी एक प्रौढ बाई भेदरून उभी होती. तिनं यांच्याकडे पाहिलं, तिला धीर आला.

"तुमचाही पहिलाच दिवस का हो?"

"हो," बाई म्हणाल्या.

"मग भिऊ नका. धरा माझा हात," ती म्हणाली.

बाईंनी दांडी सोडली आणि तिचा हात धरला.